रकाना सहा

छातीवर माझ्या पाटी आहे : औषधनिर्माता.
आजवर एकही औषध मी निर्माण केलेलं नाही.
गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने कापतो, पाकिटात घालतो,
खिडकीच्या अर्धगोल भोकातून बाहेर सरकवतो.
गावडोंगरीत हे सातवं वर्ष.
मी मूळचा डिचोलीचा. इथली बोली अजून मला
बाटलीच्या हट्टी झाकणासारखी
दोनदा फिरवून उघडावी लागते.

सोमती वेळीप पहिल्यांदा आली, साखर दोनशे ऐंशी.
म्हटलं, जेवल्यावर एक. सकाळी आणि रात्री.
तिने मान हलवली.
महिन्याने आली तर निम्म्या गोळ्या शिल्लक.
"सकाळची कुठे जेवते मी?
सकाळी पेज."
पेज म्हणजे जेवण नव्हे,
हे आम्हाला कॉलेजात शिकवायचं राहून गेलं होतं.

मग मी पाकिटावर सूर्य काढला, चंद्र काढला,
आणि स्वतःवर खूश झालो.
तिने पाकीट हातभर लांब धरून पाहिलं.
"आणि अवसेला?"
रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.
चंद्र खोडून मी खुराड्यात शिरणारी कोंबडी काढली.
ती म्हणाली, हे घुबड आहे,
पण कळलं.

डॉक्टर मिनेझिस वाईट माणूस नव्हेत.
दिवसाला ऐंशी पेशंट, मान कागदात.
रकाना सहा : इतर औषधे.
"दुसरं काही घेता?"
"ना."
रेघ. पुढचा.

चैत्रात नातवाने तिला स्कूटरवर
स्वतःच्या कमरेला लुगड्याने बांधून आणलं.
घामाने निथळत होती, बोटं थरथरत होती.
साखर अठ्ठेचाळीस.
ग्लुकोज चढलं, डोळे उघडले, तेव्हा डॉक्टर ओरडत होते :
दोन गोळ्या एकदम खाल्ल्या?
ना.
मग काय खाल्लं?
ती भिंतीवरच्या डासाच्या चित्राकडे बघत राहिली.

संध्याकाळी सगळे गेले. नातू स्कूटरला किका मारत होता.
ती भोकाशी वाकली.
"मूळ आहे. बुधोने दिलंय.
नाव घेतलं की त्याचा गुण उतरतो."
मग ना का म्हणालात, मी चिडलोच जरा.
"त्याने विचारलं, दुसरं काय घेते.
दुसरं तुमचं.
हे पहिलं."

कात्री हातात तशीच राहिली.

पुढच्या मंगळवारी तिने पदराची गाठ सोडली,
बोटभर काळपट तुकडा काउंटरवर ठेवला.
नाव सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
वास घेतला. ओल्या मातीचा,
आणि मागून काहीतरी तुरट, जिभेच्या मुळाशी येणारं.
"तुझी गोळी तुला कोण देतो?" तिने विचारलं.
गोदामातून येते, म्हटलं. मडगावहून, खोक्यात.
"देताना काय सांगतात?"
कोरड्या जागी ठेवा.
"एवढंच?"
एवढंच.
तिला माझी कीव आली असावी.
मग म्हणाली, बुधोला विचारते,
अवस ते पुनव मूळ थांबवलं तर चालेल काय.
आणि तू त्याला विचार,
आत बसलेल्याला.

विचारलं. डॉक्टर म्हणाले, पुरावा काय?
मी म्हटलं, अठ्ठेचाळीस.
बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिले,
मग रात्रीची गोळी अर्धी केली,
आणि दर आठवड्याला रक्त.
पुढच्या वेळी तिला विचारताना
त्यांनी मान वर केली. शब्दही बदलला होता.
"पहिलं काय चालू आहे?"
ती हसली. उत्तर दिलं नाहीच.

रकाना सहामध्ये मी लिहिलं : आहे.

फॉर्म वरच्या ऑफिसातून परत आला,
लाल शाई : अपूर्ण. नाव लिहावे.
मी पुन्हा लिहिलं, आहे.
तो पुन्हा येईल.
ड्रॉवरमध्ये ते मूळ कागदात गुंडाळून ठेवलंय,
कोरड्या जागी,
आणि पाकिटांवर कोंबडी काढतो हल्ली सगळ्यांच्याच.
अजून घुबडासारखीच येते.